फॉरमॅट मारून झाला, अँटिव्हायरस पण टाकला, तरी ऑफिसचा डेटा परत गेला

सांगली मिरज कुपवाड भागात टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) आणि हार्डवेअर सपोर्टची कामं करतो. गिऱ्हाईक म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे आडते, कोल्ड स्टोरेजवाले, एमआयडीसीतली दहा बारा माणसांची वर्कशॉपं आणि एखाद दुसरं सीएचं ऑफिस. वर्षभर कुणा ना कुणाचा एकच फोन येत असतो, की मागच्या वेळी सगळं फॉरमॅट केलं, पैसे भरून अँटिव्हायरस घेतला, महिना दीड महिना झकास चाललं आणि आज सकाळी दिवाणजींनी टॅली उघडली तर कंपनीच (म्हणजे टॅलीतलं फर्मचं हिशोबाचं पुस्तक) दिसत नाही. दरवेळी तेच सांगत बसण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे लिंक पाठवली की काम झालं.

आधी फॉरमॅटबद्दल. डेटा गेला की पहिला जो पोरगा मदतीला येतो तो विंडोज नवीन टाकून देतो, कारण त्याला तेवढंच येतं आणि शेठनाही मशीन चालू झालेलं दिसलं की बरं वाटतं. पण हे आलं कुठून याचे सगळे पुरावे त्या फॉरमॅटमधे पुसले जातात, आणि ज्या वाटेने आलं ती वाट (राउटरमधला उघडा पोर्ट म्हणजे बाहेरून आत यायचं दार, क्रॅक म्हणजे चोरीचं लायसन्स टाकलेला सेटअप, जुन्या कामगाराला माहीत असलेला पासवर्ड, काय असेल ते) जशीच्या तशी राहते, कारण ती वाट विंडोजमधे नसतेच, तुमच्या ऑफिसच्या सवयीत असते. म्हणून परत होतं. एकदा झालं तर नशीब म्हणा, दुसऱ्यांदा झालं तर पहिल्या वेळी कुणी शोधलंच नाही एवढाच त्याचा अर्थ.

तर आत्ता, या क्षणी डेटा गेलेला असेल तर काय करायचं. लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. फाइलींची नावं डोळ्यासमोर बदलत असतील तर मागचापुढचा विचार न करता सरळ पॉवर काढा. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर उपसून बाजूला ठेवा, आणि हे फार महत्वाचं आहे, "बॅकअप आहे का बघू" म्हणून तीच डिस्क परत त्याच मशीनला लावू नका. स्क्रीनवर जो मेसेज आहे त्याचे मोबाईलवर फोटो काढा, किती वाजता लक्षात आलं ते कागदावर लिहा. शक्य असेल तर ती हार्ड डिस्क काढून कपाटात टाका आणि काम नव्या डिस्कवर सुरू करा. एका एसएसडीचे पैसे जातील पण तक्रार करायला, सीएला दाखवायला आणि पुढेमागे लॉक झालेल्या फाइलींचं कुलूप उघडणारं टूल आलं तर त्याला खायला घालायला मूळ डिस्क हातात राहते.

आता नक्की झालंय काय ते ओळखायचं. सगळे सरसकट "व्हायरस आला" म्हणतात पण निम्म्या वेळा व्हायरस नसतोच. टॅलीचा डेटा फोल्डर उघडून बघा (बहुतेक ठिकाणी डी ड्राइव्हवर असतो, आत १०००० किंवा १००००० असल्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं दिसतात).

फाइलींची नावं जशीच्या तशी आहेत, फक्त टॅली उघडताना एरर देतेय, असं असेल तर शांत व्हा, चहा घ्या. हे लाईट जाण्याचं, डिस्कचं नाहीतर नेटवर्कचं दुखणं आहे. आधी तो अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि मगच टॅली प्राइममधे ऑल्ट वाय दाबून रिपेअर चालवा, जुन्या ईआरपी नाइनला कंट्रोल ऑल्ट आर. कॉपी न करता रिपेअर मारायचा नाही, कारण जे व्हाउचर (म्हणजे एंट्री) त्याला वाचता येत नाही ते गळू शकतं आणि मग कुठलं गळलं हे शोधत बसा मार्च एंडला. हा प्रकार परत परत होत असेल तर कारण सहसा ठरलेलं असतं: ज्या मशीनवर डेटा आहे त्याला यूपीएस नाही, किंवा आहे पण त्याची बॅटरी कधीच मेलीय आणि नुसता डबा टेबलाखाली लाल दिवा लावून बसलाय. दुसरं म्हणजे आतल्या खोलीतला कॉम्प्युटर वायफायवरून तोच डेटा उघडतो आणि एंट्री सेव्ह होताना मधेच वायफाय तुटतं. तिथे शंभर दोनशे रुपयांची लॅन वायर ओढा, वायफायवर टॅली चालवू नका. तिसरं कारण हल्ली वाढलंय, डेटा फोल्डर थेट गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवलेला असतो, काहींनी तर मुद्दाम नाही केलेलं, डेस्कटॉपवर ठेवला होता आणि विंडोजने डेस्कटॉपच वनड्राइव्हमधे नेला. टॅली लिहितेय आणि त्याच वेळी सिंकवाला (इंटरनेटवर कॉपी चढवणारा प्रोग्रॅम) ती फाइल ओढतोय, दोघांच्या भांडणात फाइल मरते.

डिस्क स्वतःच जात असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट टूल टाकून बघा, निळा गुड दिसला तर ठीक, पिवळा कॉशन दिसला तर त्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं टूल) वगैरे काही चालवायचं नाही, आधी महत्वाचं कॉपी करून घ्यायचं. डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल तर बंदच करा, चालू ठेवाल तेवढं नुकसान वाढतं. आणि एसएसडीवरून चुकून डिलीट झालेलं रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येईल ही आशा फार ठेवू नका, जुन्या फिरत्या डिस्कवर यायचं, एसएसडी रिकामी जागा स्वतःच साफ करून टाकते.

अजून एक, व्हायरस नाही पण परिणाम तोच. नवीन लॅपटॉप सुरू केला की निळा स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. विंडोज अकराच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप लॉक झालेली असते आणि ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे जाऊन बसते. बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट झाला, मदरबोर्ड बदलला की ती मागते. आणि ते अकाउंट कुणाचं, तर लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोराने घाईत बनवलेलं, ज्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही. आजच लॅपटॉप उघडून बघा अकाउंट कुणाच्या नावाने आहे, आणि की छापून तिजोरीत ठेवा.

आता खरा व्हायरस, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर. यात दोन चेहरे वारंवार दिसतात आणि दोघांची वाट वेगळी आहे, म्हणून उपायही वेगळा.

पहिला, प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी चार अक्षरांचं काहीतरी निरर्थक शेपूट लागलंय आणि प्रत्येक फोल्डरात रीडमी नावाची टेक्स्ट फाइल आहे, तीत ९८० डॉलर मागितलेत आणि ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे म्हणजे ४९० असं लिहिलंय. हे स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं कुटुंब. हे जवळजवळ नेहमी क्रॅकमधून येतं: फुकटची टॅली, फोटोशॉप, ऑफिस अॅक्टिव्हेट करायची छोटी फाइल जी चालवायच्या आधी "अँटिव्हायरस बंद करा" असं सांगते, आणि आपण इमानदारीत बंद करतो. तो विंडोजच्या शेड्यूल्ड टास्कमधे (ठरल्या वेळी आपोआप चालायच्या कामांची यादी) टाइम ट्रिगर टास्क नावाची नोंद टाकून ठेवतो आणि दर काही मिनिटांनी परत चालतो, म्हणून वर म्हटलं की बॅकअपची डिस्क त्या मशीनला लावू नका, तुम्ही रिस्टोर करताय तोवर तो मागून तेच परत लॉक करत येतो. वरकडी म्हणजे याच्यासोबत पासवर्ड चोरणारं दुसरं पिल्लूही बऱ्याचदा येतं. क्रोममधे सेव्ह केलेले बँकेचे, जीएसटी पोर्टलचे, जीमेलचे पासवर्ड गेले असं धरूनच चाला, आणि ते बदलायचे ते त्या मशीनवरून नाही, स्वच्छ मोबाईलवरून. हे न केल्यामुळे डेटा लॉक झाल्यावर महिन्याभराने मेल हॅक होतो आणि लोकांना वाटतं ही वेगळी घटना.

यात थोडी आशा अशी की हा प्राणी मोठ्या फाइलचा सुरुवातीचा दीडशे केबीच्या आसपासचाच भाग लॉक करतो, त्यामुळे मोठ्या झिप फाइली, व्हिडिओ यातलं बरंच काही कधीकधी हाती लागतं. आणि रीडमीमधे जो पर्सनल आयडी दिलाय त्याच्या शेवटी टी आणि एक असं असेल तर तो ऑफलाइन कीने (प्रोग्रॅममधेच असलेल्या ठरलेल्या चावीने) लॉक झालाय, त्यासाठी एमसिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीचं फुकट डिक्रिप्टर (कुलूप उघडणारं टूल) चालण्याची शक्यता असते. नो मोर रॅन्सम नावाची साइट आहे, २०१६ ला युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरू केलेली, तिथे एक लॉक झालेली फाइल आणि ती रीडमी टाकली की कुठला प्रकार आहे आणि चावी उपलब्ध आहे का ते सांगते. शेवटी टी एक नसेल तर मात्र "शंभर टक्के डेटा काढून देतो" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. अमेरिकेत २०१९ मधे अशा काही कंपन्या उघड्या पडल्या ज्या आमची खास टेक्नॉलॉजी म्हणत होत्या आणि मागच्या दाराने चोरालाच पैसे देऊन गिऱ्हाइकाला वर आपलं बिल लावत होत्या. आपल्याकडचे काय वेगळे असतील असं मला वाटत नाही.

दुसरा चेहरा, फाइलच्या नावातच एक आयडी आणि चौकटी कंसात चोराचा ईमेल पत्ता घुसलेला. हे धर्मा, फोबोस या घराण्यातलं, आणि हे कुणी क्लिक करून येत नाही, माणूस स्वतः आत शिरतो, रिमोट डेस्कटॉपमधून (लांबून मशीन चालवायची विंडोजची सोय). होतं असं की दिवाणजींना रात्री घरून एंट्री टाकायच्या असतात किंवा शेठना पुण्यातल्या मुलाकडून टॅली बघायची असते, मग कुणीतरी राउटरमधे रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडून देतो, काही जण तर विंडोज होमवर आरडीपी रॅपर नावाचं टूल टाकून एकाच मशीनवर चार जणांना घुसवतात. यूजरचं नाव अॅडमिन नाहीतर टॅली, पासवर्ड १२३४५ किंवा फर्मचं नाव आणि पुढे १२३. जगभरातले बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) चोवीस तास असे उघडे पोर्ट शोधत आणि पासवर्ड मारत बसलेले असतात, त्यांना तुमच्याशी वैर नाही, तुम्ही कोण हे त्यांना माहीतही नाही.

हे तपासायचं कसं. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्स, सिक्युरिटी. तिथे ४६२५ नंबरच्या नोंदी बघा, म्हणजे चुकलेले लॉगिन. रात्रभर हजारोंनी असतील तर उत्तर मिळालं. मग ४६२४ शोधा, यशस्वी लॉगिन, त्यात लॉगऑन टाइप १० असेल तर तो रिमोट डेस्कटॉपवरून आलाय, वेळ बघा, पहाटे तीनला तुमचे दिवाणजी नक्कीच नव्हते. ११०२ नंबर दिसला तर कुणीतरी लॉग पुसलेत, तेही एक उत्तरच. म्हणून म्हणतो फॉरमॅट घाईने मारू नका, हे सगळं त्यात जातं.

उपाय म्हणजे राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका, बस. पोर्टचा नंबर ३३८९ चा बदलून दुसरा ठेवला की सुरक्षित असं बरेच जण सांगतात, बॉट सगळेच नंबर चाळतात, त्याने काही होत नाही. घरून काम लागतंच असेल तर आधी व्हीपीएन (ऑफिसपर्यंतची खाजगी, लॉक केलेली वाट) लावून मग आत, बऱ्याच राउटरमधे ती सोय असते, किंवा दोन टप्प्यांचं लॉगिन असलेलं रिमोट टूल. आणि एनीडेस्क, टीमव्ह्यूअरला कायमचा पासवर्ड टाकून ठेवू नका. सपोर्टवाल्याला (म्हणजे माझ्यासारख्याला) काम झालं की बाहेर काढा, त्यात आम्हाला वाईट वाटत नाही.

आणि विंडोज सातवर टॅली मस्त चालते म्हणणाऱ्यांना, त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, विंडोज दहाचेही नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला. मे २०१७ मधे वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आला तेव्हा त्याचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमधेच येऊन पडला होता, ज्यांनी अपडेट बंद करून ठेवले होते तेच बहुतेक गेले. जुनं मशीन ठेवायचंच असेल तर त्याचं इंटरनेट तोडा, नुसतं बिलिंगला वापरा.

बॅकअपवर आता थोडं लांबण लावतो, कारण बॅकअप नाही असं म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटतो. सगळ्यांकडे असतो. कुठे असतो, तर त्याच मशीनच्या ई ड्राइव्हवर, नाहीतर मागे कायम खोचलेल्या पेन ड्राइव्हवर. म्हणजे मशीन लॉक झालं की तोही लॉक. काही हुशार पोरं रात्री आपोआप कॉपी व्हावी म्हणून रोबोकॉपीची (विंडोजची कॉपी करायची कमांड) बॅच फाइल लावतात आणि त्यात मिररचा स्विच टाकतात, त्याचा अर्थ इकडे जे डिलीट झालं ते तिकडेही डिलीट करायचं, त्यामुळे डेटा गेला त्याच रात्री बॅकअपही इमानदारीत गेला. गुगल ड्राइव्ह सिंकचंही तेच, खराब झालेली फाइल वर जाते. जुन्या आवृत्त्या ३० दिवस मिळतात खऱ्या पण एकेका फाइलवर जाऊन परत आणायच्या म्हणजे शेकडो फाइलींना जीव जातो.

जून २०१७ ची गोष्ट सांगतो. युक्रेनमधे हिशोबाचं एक सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला, म्हणजे तिकडची टॅलीच समजा, आणि तो मर्स्क या जहाज कंपनीत शिरून आपल्या न्हावाशेव्यापर्यंत आला, तिथल्या जेएनपीटीमधलं त्यांचं टर्मिनल ठप्प झालं. त्या कंपनीचे जगभरातले सगळे मुख्य सर्व्हर एकमेकांची कॉपी ठेवायचे, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतल्या घानामधला, का तर त्या वेळी तिथे लाईट गेली होती आणि तो नेटवर्कला जोडलेलाच नव्हता. त्या एका सर्व्हरवरून त्यांनी बाकीचे मुख्य सर्व्हर परत उभे केले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे भारनियमनाने वाचवलं ते आपल्याला दोन हार्ड डिस्क अदलून बदलून मिळतं.

करायचं असं: दोन बाहेरच्या डिस्क घ्या, टॅलीचा डेटा बहुतेकांचा फार मोठा नसतो त्यामुळे लहानातली लहानही चालते. सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरी. संध्याकाळी सगळ्यांनी टॅली बंद केल्यावर ऑल्ट वायमधून बॅकअप घ्या, फोल्डरला तारखेचं नाव द्या, आदल्या दिवसावर ओव्हरराइट करू नका, डिस्क काढा. ज्या दिवशी जी वापरली ती त्या दिवशी शेठच्या पिशवीतून घरी. यार्डात आग लागली, २०१९ आणि २०२१ सारखं कृष्णेचं पाणी शिरलं तरी एक घरी आहे (घर पण नदीकाठी असेल तर वरच्या मजल्यावर ठेवा, हसू नका). कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर नियमाप्रमाणे हिशोबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असायला लागतो, आधी ठराविक काळाने चालायचं, ऑगस्ट २०२२ पासून रोज झालंय, तेव्हा तुमच्या सीएला विचारून घ्या. डिस्कवर टॅली व्हॉल्टचा पासवर्ड लावलेला डेटा असेल तर डिस्क हरवली तरी चिंता नाही, पण तो पासवर्ड विसरलात तर टॅलीवालेसुद्धा उघडून देऊ शकत नाहीत, कागदावर लिहून लॉकरमधे.

आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्याच कॉम्प्युटरवर रिस्टोर करून बघा. नुसतं "सक्सेसफुल" आलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही. कंपनी उघडा, ट्रायल बॅलन्स मूळ मशीनशी जुळतोय का बघा, शेवटचं व्हाउचर कुठल्या तारखेचं ते बघा. या तपासणीत भलतंच निघतं, बॅकअप रोज जातोय पण जुन्या वर्षाच्या कंपनीचा, चालू वर्षाची वेगळ्या पाथवर बनवली होती.

बॅकअप खरंच कुठेच नाही अशांनी काय करायचं. सीएला फोन करा, ऑडिटला दिलेली कॉपी त्यांच्याकडे बहुतेक वेळा पडून असते, तिथपर्यंतचं एका दिवसात उभं राहतं. पुढची विक्री जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर एक या विक्रीच्या रिटर्नमधून, खरेदी जीएसटीआर टू बी या खरेदीच्या यादीमधून, पैशांचं बँक स्टेटमेंट एक्सेलमधे काढून. शेतकऱ्यांच्या पट्ट्या मात्र पोर्टलवर कुठेच नसतात, त्या कार्बन कॉपीच्या बुकातूनच उतरवाव्या लागतात, तेव्हा "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे" म्हणून ती बुकं रद्दीत देऊ नका. तसंही जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचीच आहेत.

आता माणसांचं. डेटा गेला नाही पण बदललाय, जुन्या तारखेची पावती कुणीतरी कमी केलीय, एखाद्याची उधारी गायब आहे. विचारलं कुणी केलं तर कुणालाच माहीत नाही, कारण ऑफिसातले पाचही जण एकाच अॅडमिन लॉगिनने काम करतात. यावर कुठलाही अँटिव्हायरस नाही. टॅलीत प्रत्येकाचं वेगळं यूजरनेम करा, डेटा एंट्रीवाल्याला मागच्या तारखेत जाऊन बदलायची परवानगी देऊ नका, एडिट लॉग (कुणी कधी काय बदललं याची नोंद) चालू करा. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून अशी नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, बंधनकारकच आहे आणि तो बंद करता येता कामा नये असा नियम आहे. भागीदारी फर्म आणि एकट्या मालकाच्या पेढीला नाही, पण लावा, यात संशयापेक्षा सोयच जास्त असते. बिचाऱ्या प्रामाणिक दिवाणजीवरचा आळसुद्धा त्यानेच टळतो.

माणूस नोकरी सोडून गेला की चावी परत घेतो तसं बाकीचंही परत घ्यायचं असतं, ते कुणी घेत नाही. फर्मच्या मोबाईलवर व्हॉट्सअॅपमधे लिंक्ड डिव्हाइसेस उघडा, गेल्या वर्षी सोडून गेलेल्या पोराचा लॅपटॉप अजून जोडलेला दिसेल, म्हणजे तुमचे सगळे भाव आणि सगळी गिऱ्हाइकं तो रोज वाचतोय, आणि आता तो शेजारच्या गाळ्यात कामाला आहे. जीमेलच्या सिक्युरिटीत रिकव्हरी नंबर कुणाचा आहे बघा. जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला मोबाईल आणि ईमेल कर सल्लागाराचा असतो, ओटीपी त्यांच्याकडे जातो, भांडण झालं की तुम्ही बाहेर. तो स्वतःचा करून घ्या. डिजिटल सिग्नेचरचा डोंगल मशीनला खोचून ठेवू नका, त्याने केलेली सही ही तुमचीच सही धरली जाते.

शेवटचा प्रकार, डेटा जागेवर, मशीन ठणठणीत, पैसे गेले. बाहेरगावच्या पार्टीचा मेल येतो की आमचं बँक खातं बदललंय, यापुढे या खात्यावर आरटीजीएस करा. मेल त्याच थ्रेडमधे असतो, बिलही खरं, फक्त खातं चोराचं. कारण दोघांपैकी एकाचा मेल बॉक्स आधीच फुटलेला असतो आणि चोर महिनाभर वाचत बसलेला असतो. इथेही लोक पासवर्ड बदलतात आणि परत होतं, कारण चोराने जीमेलच्या सेटिंगमधे फॉरवर्डिंग किंवा फिल्टर लावून ठेवलेला असतो, पासवर्ड बदलला तरी मेलची कॉपी त्याला जातच राहते. सेटिंगमधे फॉरवर्डिंगचं पान आणि फिल्टरचं पान, दोन्ही उघडून अनोळखी असेल ते उडवा, मग सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट, मग पासवर्ड, मग दोन टप्प्यांचं लॉगिन. आणि खातं बदललं असं कळलं की जुन्या, तुमच्या डायरीतल्या नंबरवर फोन लावून आवाज ऐकून खात्री करायची, मेलमधे दिलेल्या नंबरवर नाही. आरटीजीएस एनईएफटीला खातं टाकताना समोरच्याचं नाव दाखवायची सोय एप्रिल २०२५ पर्यंत द्या असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं, ते नाव वाचत जा, घाईत ओके मारू नका. पार्टनर दोघं असतील तर नेट बँकिंगला एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं असं बँकेकडून करून घ्या.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तिथून पैसे पुढे सरकायच्या आत गोठवायचा प्रयत्न होतो, पहिल्या तासादोनतासांत जो फरक पडतो तो नंतर पडत नाही. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, बँकेला लेखी, पोच घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारी शून्य, पण ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. रॅन्समवेअरचीही तक्रार करा, आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हाच आहे, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशात अशी घटना ६ तासांत कळवा असं म्हटलंय. तक्रारीची पावती पुढे जीएसटीवाल्यांना रेकॉर्ड का नाही हे सांगताना कामाला येते, चोर सापडो न सापडो.

खाली मदत मागणार असाल तर एवढं लिहा: विंडोज कुठलं, टॅली कुठली आणि खरी का क्रॅक (इथे कुणी रागावणार नाही, पण खरं सांगा नाहीतर वाट सापडत नाही), घरून काम करायची सोय कशी केलीय, शेवटचा बॅकअप कधीचा आणि तो कशावर आहे, आणि लॉक झालेल्या एका फाइलचं पूर्ण नाव. रीडमीचा फोटो टाकला तरी चालेल. जीएसटी नंबर, खाते नंबर, पार्ट्यांची नावं दिसत असतील तर आधी झाका, आणि कुणी इनबॉक्समधे येऊन "एनीडेस्क नंबर द्या, लगेच करून देतो" म्हणाला तर देऊ नका, मी म्हणालो तरी.